विहिरीवरच्या आंब्याचं बांडगूळ

भागोजीला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर बांडगुळाचा. त्याच्या खालोखाल, बांडगुळाला छान म्हणणाऱ्या माणसाचा. साठ वर्षांत असं माणूस त्याला भेटलंच नव्हतं. भेटलं ते नेमकं त्या जानेवारीत, जेव्हा त्याच्या डोक्याला आधीच ताप होता.

आधी भागोजी कोण ते सांगायला पाहिजे. चौलच्या कुठल्याही वाडीत जा आणि आंब्यावरचं बांडगूळ कोण काढतं विचारा, दुसरं नाव ऐकायला मिळणार नाही. बांडगूळ म्हणजे काय, तर आंब्याच्या फांदीवर उगवणारं झुडूप. जमिनीत मूळ घालायचे कष्ट नाहीत, मूळ सरळ आंब्याच्या फांदीत खुपसायचं, त्याचं पाणी प्यायचं आणि वर परत केशरी फुलं काढून मिरवायचं! दोन-चार वर्षं सोडलं तर अख्खी फांदी वाळते, आणि पुरेशा फांद्या वाळल्या की झाडच बसतं. म्हणून दर मे महिन्यात आंबा उतरला की भागोजीला बोलावणं येणार. कमरेला आकडी, आकडीला कोयता, डोक्याला पंचा आणि तोंडात शिव्या. शिव्या बांडगुळाला, वर चढताना गुडघ्याला, आणि खाली उतरल्यावर ज्याने चहा गार दिला त्याला.

पण काम चोख. नवशिके नुसता पाला छाटतात, भागोजी गाठीच्या खाली वीतभर फांदी मोजून कापणार आणि कापल्या जागी शेणमाती थापणार. काढलेलं बांडगूळ तो असंच खाली टाकून जाणार नाही. त्याची मोळी बांधणार आणि त्याच वाडीतल्या एका खालच्या फांदीला टांगून ठेवणार, मालकाच्या बकऱ्यांसाठी. बकरीला जमिनीवर पडलेला पाला चालत नाही ना, महाराणी मान वर करूनच जेवणार! चार दिवसांनी येऊन उरलंसुरलं काढून जागा झाडूनही जाणार. ही टांगायची पद्धत भागोजीच्या बापाची. बाप म्हणायचा, झाडाचं खाल्लेलं बकरीच्या पोटात गेलं म्हणजे दूध होऊन घरात येतं. मोळी न टांगता निघून जाणाऱ्याला भागोजी माणसात धरत नसे.

तर डोक्याला ताप काय होता? सत्यवतीवहिनींची वाडी. अकरा आंबे, बाकी सुपारी आणि नारळ, मधोमध विहीर आणि विहिरीवर ओणवलेला रायवळ आंबा. आंबट ढाण, पण अख्खी आळी त्याचंच लोणचं घालते. या झाडावर भागोजी पहिल्यांदा चढला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. आणि गेली पाच-सहा वर्षं याच झाडावर बांडगूळ परत परत येत होतं. काढलं की पुढच्या वर्षी दुप्पट.

वहिनींची जीभ म्हणजे विळी. मागच्या मे महिन्यात भागोजी खाली उतरला तेव्हा चहा देता देता म्हणाल्या, "ये भागोजी, पुढच्या वर्षी पण ये हां. तुझं शेत हाय ते, तू पेरतो नि तूच कापतो."

बकऱ्यांच्या समोर, अजितच्या समोर! अजित म्हणजे वहिनींचा मुलगा, अलिबागला मोबाईलचं दुकान चालवणारा. त्याला वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या आणि गाड्या लावायला जागा नेमकी विहिरीजवळच हवी होती. तो लगेच म्हणाला, "झाड पोखरलंच आहे तर तोडून टाकू ना आई."

भागोजीचं टाळकं सटकलं. "वहिनी, पुढच्या साली या झाडावर येक जरी बांडगूळ दिसला ना, तर ह्यो कोयता तुमच्या विहिरीत टाकीन. परत झाडावर चढायचा नाव घेनार न्हाय!"

"आणि दिसलं तर झाड मी तोडणार," अजित म्हणाला. वहिनींनी मान डोलावली, म्हणजे होकारच.

झालं! पुढचा जानेवारी उजाडला, भागोजी सहज म्हणून वाडीत डोकावला आणि वर बघतो तर काय, विहिरीवरच्या आंब्यावर कोवळी कोवळी बांडगुळं. एक नाही, दोन नाही, नजर जाईल तिथे. आणि त्या झाडाच्या मधल्या बेचक्यात डोक्यावर हेल्मेट घातलेली, कमरेला दोरखंड बांधलेली एक पोरगी बसून दुर्बिणीतून बांडगूळ बघत होती.

"एकेचाळीस!" ती वरून ओरडली. "काका, एकाच झाडावर एकेचाळीस रोपं! किती छान!"

छान!

ही मृणाली. पुण्याच्या एका कॉलेजात बांडगुळावर संशोधन करणारी. अशा झाडांचा अभ्यास करून डॉक्टर होता येतं हे ऐकून भागोजीला पहिल्यांदा वाटलं ही आपली फिरकी घेते आहे. पण खरंच होतं. तिच्याकडे फांद्या मोजायची पट्टी होती, पाखरांची शीट ठेवायच्या बाटल्या होत्या, आणि प्रश्न तर विचारूच नका.

"काका, तुम्ही किती वर्षं काढताय?"

"काका, गाठीच्या किती खाली कापता?"

"काका, फूल बघितलंत का जवळून? सुंदर असतं ना?"

"ढेकूण पन सुंदर असल मंग जवळून," भागोजी म्हणाला. "घे वहीत लिहून."

तिने खरंच लिहून घेतलं! वर हसली. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

भागोजी कोयता काढून चढायला निघाला तर ही आडवी. "काका, प्लीज! मेपर्यंत हात लावू नका. मला मोजायचंय ही कशी वाढतात, कुठून येतात."

"कुठून येतात ते मीच सांगतो की. त्या बंद वाडीतना." कुंपणापलीकडच्या वाडीचा मालक मुंबईला, तिथे वर्षानुवर्षं कुणी कोयता लावलेला नाही, झाडं बांडगुळाने नुसती लगडलेली. भागोजीला शंकाच नव्हती. "पाखरू फळ खातो, हिकडं येऊन बसतो, झाला काम. त्यात डॉक्टर कशाला व्हायला लागतो?"

"बरोबर आहे काका. फुलटोचा नावाचा पक्षी, अंगठ्याएवढा. बी इतकी चिकट असते की त्याला शिटतानासुद्धा फांदीवर घासून पुसावी लागते. पण तुमचं म्हणणं खरं असेल तर कुंपणाकडच्या झाडांवर जास्त रोपं दिसायला हवीत ना? मी सगळ्या वाडीचा नकाशा करते."

वहिनींनी तिला परवानगी देऊन टाकली. कॉलेजची पोर, उन्हातान्हाची येते, मोजू दे की. म्हणजे आपली अब्रू फांदीफांदीवर उगवलेली भागोजीने चार महिने नुसती बघायची! चहाच्या टपरीवर लोक विचारणार, "काय भागोजी, कोयता टाकलास का विहिरीत?" रेवदंड्याच्या एस्टीत कंडक्टरसुद्धा विचारणार. हा म्हणणार, "मे तर येऊं दे! वर्ष सरला का?" आणि घरी येऊन बायकोवर चिडणार.

जनी, त्याची बायको, एका वाक्यात गार करायची. "तुमानी कुनी सांगितला होता कोयत्याची शपथ घ्यायला? विळ्याची घ्यायची. विळा जुना झालाय."

मे आला. आंबा उतरला. मृणालीची मोजणी संपली, ती गाईडला दाखवायला नकाशा घेऊन पुण्याला गेली. इकडे भागोजीने चार महिन्यांचा राग काढला. एकेचाळीसच्या एकेचाळीस गाठी उडवल्या. तेवढ्याने समाधान होईना म्हणून कुंपणावरून आत लोंबणाऱ्या, बंद वाडीतल्या फांद्यांवरची भलीमोठी जुनी बांडगुळंही उतरवली, पिकल्या फळांनी भरलेली. चार मोळ्या झाल्या. नेहमीप्रमाणे विहिरीजवळ आणून, बकऱ्या तिथेच बांधलेल्या असतात म्हणून, विहिरीवरच्याच आंब्याच्या खालच्या फांदीला टांगल्या. वहिनींनी वर बघितलं. झाड साफ होतं. पण त्या म्हणाल्या, "काढलास ते मी बघितला. आला होता ते पन मी बघितला." अजितने झाड तोडणाऱ्यांना दहा दिवसांनी, सोमवारी, यायला सांगितलं होतं आणि खोडावर चुन्याची फुलीही मारून ठेवली होती.

आठ दिवसांनी, शनिवारी दुपारी, मृणाली परत आली ती नाचतच. हातात रंगीत नकाशा. ओट्यावर पसरला, कडेला तांब्या ठेवला उडू नये म्हणून.

"काका, बघा ना! हे कुंपण. इथे जास्त असायला हवी होती ना? इथे फक्त तीन! आणि हे बघा."

भागोजीला वाचता बेताचं येई, पण ठिपके बघायला शाळा लागत नाही. लाल ठिपके. कुंपणाकडे तुरळक, आणि वाडीच्या मधोमध असे दाटले होते जसे गुळाच्या खड्याला मुंगळे. मध्ये विहीर. विहिरीवर आंबा. आंब्याची खालची फांदी.

"आणि ही दुसरी वाडी, आग्रावकरांची. इथेसुद्धा कुंपणाला नाही, तर गोठ्याशेजारच्या आंब्यावर. आणि तिसरीत फाटकाजवळ. काही कळतच नाही हो! फाटकाजवळ, गोठ्याजवळ, विहिरीजवळ. पक्ष्यांना तिथे काय मिळतं? काका, या जागी काय असतं?"

गोठ्याजवळ. फाटकाजवळ. विहिरीजवळ. भागोजीच्या हातातला कप तसाच राहिला. वहिनींच्या बकऱ्या गेली पाच-सहा वर्षं विहिरीजवळ. आग्रावकरांच्या बकऱ्या गोठ्याशेजारी. तिसऱ्या वाडीत फाटकाजवळ. त्या प्रत्येक जागेची फांदी त्याला तोंडपाठ होती. चाळीस वर्षं त्यानेच टांगल्या होत्या ना मोळ्या!

"मला काय म्हायत," तो म्हणाला आणि उठला. चहा तसाच सोडून.

घरी आला तर दारातल्या शेवग्याला त्यानेच परवा टांगलेली मोळी. तिन्ही बकऱ्या खाली झोपलेल्या, पाला केव्हाच फस्त. पण फळं तशीच. बकरीला ती चिकट फळं आवडत नाहीत, दातात चिकटतात, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं आणि त्याने त्याचा एकदाही, एकदाही विचार केला नव्हता! आणि त्या मोळीवर, टिक टिक टिक, अंगठ्याएवढं मातकट पाखरू. एक फळ सोलून गिळलं. शेजारच्या आंब्याच्या कलमावर जाऊन बसलं. शेपटी फांदीवर घासली, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा, आणि परत मोळीवर हजर. भागोजी बघत राहिला. पाचदा. दहादा. बंद वाडीतल्या उंच झाडावर जे खाऊन ते कुठेही उडून गेलं असतं, तेच भागोजीने वाडीच्या मधोमध, हाताशी, ताटात वाढून ठेवलं होतं. आणि ऐन पावसाच्या तोंडावर. तू पेरतो नि तूच कापतो. वहिनी चिडवायला म्हणाल्या होत्या आणि ते अक्षरन् अक्षर खरं होतं!

त्याने मोळी फाडूनच खाली ओढली. बकऱ्या उधळल्या.

"आता काय झाला?" जनी बाहेर आली.

त्याने सांगितलं.

जनी खाली बसली. "मंग सांगा वहिनीला."

"काय सांगू? का तुमच्या झाडाला मीच रोग लावला? चाळीस वर्षं? सगल्या चौलला? उद्या कोन हाक मारल मना?"

"न्हाय सांगितला तर कोनाला कलनार हाय?"

"कोनाला न्हाय. त्या पोरीला पन न्हाय कलत, यवढी शिकलेली."

"मंग गप बसा."

"गप कसा बसू? सोमवारी झाड तोडतील!"

"मंग सांगा."

"येक काय ते बोल की गो!"

"मी येकच बोलते. तुमी दोन आयकताय." आणि ती भाताकडे गेली.

रविवारी सकाळी भागोजी वाडीत गेला तेव्हा तिघंही ओट्यावर होती. अजित खोल्यांचा आराखडा दाखवत होता, वहिनी चष्मा शोधत होत्या, मृणाली नकाशाशी डोकं फोडत होती. भागोजी ओट्यावर चढला नाही. विहिरीजवळच उभा राहिला आणि बोलला. मोळी, बकरी, फळ, पाखरू. बापाची पद्धत होती तेही सांगितलं, पण बापावर ढकललं नाही. मृणालीच्या हातातलं पेन खाली पडलं. "काका! मोळी! बाई गं, मी यायच्या आत सगळीकडे तुम्ही मोळ्या काढून जागा झाडलेली असायची!"

"घान ठेवायची व्हय वाडीत?" भागोजी खेकसला. मग वहिनींकडे बघून म्हणाला, "झाडाची चूक न्हाय. चूक माझी. झाडाला कशाला मारताव? मी सबद दिला होता तो मी पालतो."

आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने आकडीतून कोयता काढला आणि विहिरीत टाकला. धप्प! बापाचा कोयता, शिसवी मुठीचा. पाणी बराच वेळ हलत होतं.

पहिल्या बोलल्या त्या अर्थात वहिनी.

"शाना झाला. आता मी पानी प्यायचा का कोयत्याचा गंज?"

"वहिनी..."

"गप. आठ दिस झाले ना तुझ्या मोळ्या टांगून? म्हंजे वर आता बिया चिकटल्या असतील. त्या कोन काढनार, तुझा बाप?" मग मृणालीकडे वळून, "काय गो, निघतात का हातानी?"

मृणाली तोवर उठून उभी राहिली होती. "निघतात! बी फांदीत शिरेपर्यंत नुसती चिकटलेली असते. पुसली तरी निघते. पण पाऊस यायच्या आत. एकदा मूळ आत गेलं की मग कापावंच लागतं."

"आई, उद्या माणसं येणारेत," अजित म्हणाला. "चुना पण मारलाय मी."

"चुना पुसता येतो. माणसांना फोन करता येतो. मोबाईलचा दुकान हाय ना तुझा?" वहिनींना अखेर चष्मा सापडला, डोक्यावरच होता. तो लावून त्यांनी भागोजीकडे नीट बघितलं. "तोंडावर येऊन मीच केला असा सांगनारा मानूस या वाडीत मी पयल्यांदा बघते. झाडाला येक वर्ष. त्याच्या म्होरं बांडगूळ जास्त दिसला तर अजित तोडल, मी आडवी येनार न्हाय. नि तू कोयत्याशिवाय काय करतोस ते बघते."

मग आठ दिवस काय केलं त्याने! जनीच्या जुन्या साडीचे फडके, खोबरेल तेलाची बाटली, आणि सकाळी सहापासून झाडावर. बी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, भोकराच्या चिकासारख्या डिंकात बसलेली, आणि काहींनी तर हिरवा धागा काढून नाक खाली वाकवून फांदीला लावलेलं. बोटाला तेल, फडका, एक पुसली. पुढची. गुडघा बोंबलत होता, मुंग्या चावत होत्या, मृणाली दोराला लटकून शेंड्याकडच्या पुसत होती आणि वर परत मोजत होती.

"दोनशे सहा!"

"मोजू नको गो बये, पूस!"

"मोजल्याशिवाय कळणार कसं काका, किती राहिल्या?"

"राहील ती दिसलच जानेवारीत! मना न्हाय आवडत तुझा आकडा!"

"काका, फूल तरी..."

"फुलाचा नाव काढलास तर दोर सोडीन."

खालून वहिनी चहा पाठवायच्या. गरम. भागोजीला शिवी द्यायला जागाच ठेवली नाही.

आठव्या संध्याकाळी आभाळ भरून आलं तेव्हा दोघं खाली उतरली. दुसऱ्याच दिवशी भागोजीने एस्टी पकडली. आग्रावकरांकडे, तिथून ज्याच्या ज्याच्या वाडीत मोळी टांगली होती त्याच्याकडे, काशीदपर्यंत. प्रत्येकाला तेच सांगायचं, फळं पुरून टाका, बकरीला नुसता पाला द्या, झाडाला टांगू नका. कोणी हसलं. कोणी म्हणालं, "म्हंजे इतकी वर्षं तूच...?" "व्हय, मीच! बहिरा हाय का तू?" असं म्हणून तो पुढच्या दारात. काशीदला एका रिसॉर्टच्या फाटकात कुणा दुसऱ्यानेच टांगलेली मोळी दिसली, तर याने चालती एस्टी थांबवून खाली उतरून ती ओरबाडली. वॉचमनशी भांडण झालं. पुढची गाडी दीड तासाने होती.

जानेवारीत मृणाली परत आली. हेल्मेट, दोर, दुर्बीण. भागोजी विहिरीच्या कठड्यावर बसून वर बघत नव्हता. बाजूला वहिनी सुपाऱ्या सोलत होत्या, त्याही बघत नव्हत्या.

"सहा!" वरून आवाज आला.

"सहा?" भागोजी ताडकन उठला. "सहा कुठना आली? कुठं हायत? आपुन दोघांनी पुसला होता ना सगला! त्या शेंड्याकडं असतील, शेंडा तुझा होता!"

"काका, एकेचाळीसवरून सहा! तुम्हाला कळतंय का हे किती मोठं आहे?"

"मना सहा कलतात!" तो वहिनींकडे वळला. "वहिनी, सहा हायत. मी लपवीत न्हाय."

वहिनींनी सुपारी सुपात टाकली. "आयकला मी. बहिरी न्हाय." त्या उठल्या, पडवीत गेल्या आणि येताना हातात कोयता घेऊन आल्या. मे महिन्यातच, तो एस्टीने काशीदला भटकत होता तेव्हा, विहिरीचा गाळ काढून घेतला होता त्यांनी. मूठ काळी पडली होती, पण पात्याला धार लावलेली, वर खोबरेल चोळलेलं. आणि धार कोणी लावली, तर अजितने. त्याने खोल्यांचा आराखडा बदलून गाड्या फाटकाकडे नेल्या होत्या, असं वहिनी म्हणाल्या. "मनात नव्हता त्याच्या. पन केला."

भागोजीने हात पुढे केला नाही. "सबद दिला होता मी."

"टाकलास ना विहिरीत? पालला. आता माझ्या विहिरीत जे सापडला ते माझा, नि माझा कोयता मी कुनाला पन दीन. घे. नि सहाच हायत म्हनून हळू चढ, साठी उलटली तुझी."

भागोजीने कोयता घेतला, उलटसुलट बघितला. "धार वाकडी लावलीय."

"मग सरळ कर."

"काका!" वरून मृणाली ओरडली. "मेपर्यंत हात लावू नका हां! मला मोजायचंय!"

भागोजीने डोळे मिटले. मग कोयता आकडीला अडकवला, कठड्यावर परत बसला, आणि मे किती लांब आहे ते बोटांवर मोजायला लागला.